शकुंतला आणायची तर जुन्या स्टेशनावर आणा, गावाबाहेर नको

आमच्या भागात निवडणूक आली की शकुंतलेचा, म्हणजे आमच्या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेगाडीचा, विषय निघतोच. अचलपूर ते मूर्तिजापूर 76 किलोमीटर अन् मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर, एवढी मोठी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळाची, लाइन बंद पडून आहे, आधी यवतमाळकडची गाडी थांबली मग अचलपूरकडची, अन् 2016 मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी 1500 कोटींच्या ब्रॉडगेजची, म्हणजे रुंद रुळाची, घोषणा केली तेव्हापासून लोकं वाट पाहून राहिले. निवेदनं झाली, आंदोलनं झाली, रुळावर बसणं झालं. मागणी सगळ्यांची एकच, ब्रॉडगेज करा. पण ती गाडी आल्यावर थांबणार कुठं, हा प्रश्न मला कोणी विचारताना दिसत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

माझं म्हणणं साधं आहे. गाडी कोणतीही आणा, रुंद आणा का अरुंद आणा, पण तिची आखणी जुन्या स्टेशनांकडं वळवून घ्या. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, ही सगळी स्टेशनं गावाला लागून आहेत, बाजाराला लागून आहेत, त्यांना सोडून तीन-चार किलोमीटर लांब शेतात नवीन चकाचक स्टेशन बांधलं तं फोटो छान येईल पण माणसं मिळणार नाहीत.

ही स्टेशनं गावात कशी आली ते पाहा. वऱ्हाडातली रेल्वे मुळात कापसासाठी आली. मुंबईहून नागपूरकडं जाणारी मेन लाइन कापसाच्या मोठमोठ्या बाजारांना टाळून गेली होती, तं सरकारनं काय केलं, बाजाराला उठून लाइनजवळ या असं सांगितलं नाही, लाइनचा फाटा बाजारापर्यंत नेला. जलंब ते खामगाव फाटा 1870 साली सुरू झाला, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. पाठोपाठ 1871 मध्ये बडनेरा ते अमरावती. यवतमाळचा कापूस तेव्हा बैलगाड्यांनी धामणगावला जायचा, तिथून रेल्वेनं पुढं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीनं शकुंतलेची लाइन टाकली, तिच्यासाठी 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली, अन् तेव्हाही हिशोब तोच, जिथं कापसातून सरकी काढायचं जिनिंग आहे, जिथं कापसाची गंजी लागते, तिथं गाडी गेली पाहिजे. इंग्रजानं हे आपल्या भल्यासाठी केलं नाही हे मला कबूल आहे, त्याला कापूस मुंबईला अन् तिथून मँचेस्टरला पाहिजे होता. पण बाजार जिथं आहे तिथं लाइन नेली पाहिजे एवढी गोष्ट त्याला कळत होती, आणि दीडशे वर्षांनी आपण लोकशाहीत राहून उलटं करायला निघालो आहे.

काहून उलटं होते, तं त्याला तांत्रिक कारण आहे आणि ते खोटं नाही. नॅरोगेजची गाडी 762 मिलिमीटरच्या रुळावर चालते, ती 44 मीटर त्रिज्येचं वळण सुद्धा घेऊ शकते. ब्रॉडगेजचा रूळ 1676 मिलिमीटर, तिला कमीत कमी 175 मीटर त्रिज्या लागते, अन् नवीन लाइन करायची म्हटली की वेगासाठी वळण आणखी मोठं धरतात. म्हणजे शकुंतला ज्या वळणानं गावात शिरत होती त्या वळणानं ब्रॉडगेज शिरेलच याची काही गॅरंटी नाही. इंजिनिअर नकाशावर पट्टी ठेवतो, लाइन सरळ करतो, लाइन सरळ झाली की गाव बाजूला राहते. वर नवीन ब्रॉडगेज लाइनवर आता फाटक ठेवत नाहीत, प्रत्येक रस्त्याला पूल नाहीतर अंडरपास. काळ्या मातीतला अंडरपास ज्यानं पावसाळ्यात पाहिला त्याला वेगळं सांगायची गरज नाही. आमच्याकडं एका अंडरपासमध्ये श्रावणभर कंबरभर पाणी राहते, फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला माणूस लाइन चढून पलीकडं जाते आणि बैलबंडीवाला दोन किलोमीटरचा फेरा मारते. दर्यापूर भागातली जमीन तं खारपाणपट्ट्याची, पाणी लवकर जिरतच नाही.

म्हणून मी म्हणतो की अर्धा वाद आपण चुकीच्या जागी घालून राहिलो. नॅरोगेज का ब्रॉडगेज यावर भांडतो, पण मधे एक तिसरा रस्ता आहे तो आपल्याकडं कोणी बोलत नाही, लाइट रेल. हलकी गाडी, दोन नाहीतर तीन डब्यांची, ट्राम अन् रेल्वेच्या मधली. ती शेतातून जाताना रेल्वेसारखी पळते आणि गावात आली की हळू होऊन रस्त्याच्या कडेनं चालते, सिग्नलवर थांबते, 25 मीटरच्या वळणावर वळते. ब्रॉडगेजची नवीन लाइन 25 टन एक्सल लोडसाठी, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर येणाऱ्या वजनासाठी, बांधतात, ही गाडी साधारण त्याच्या निम्म्याहून कमीत बसते, म्हणजे काळ्या मातीवर भराव घालायचा खर्चही कमी. गावातल्या रस्त्यांना अंडरपास खोदायची गरज नाही कारण ती गावात सायकलच्या थोड्या वरच्या वेगानं चालणार.

आता हे कुठं झालं असं कोणी विचारेल तं मी मँचेस्टरचंच नाव सांगतो. शकुंतलेचं ते जुनं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरलाच बनलं होतं, 1923 पासून ते इथं धावलं आणि 15 एप्रिल 1994 ला डिझेल आल्यावर थांबलं, सत्तर वर्षांच्या वर त्या एका इंजिनानं वऱ्हाडाची सेवा केली. तं त्या मँचेस्टरनं स्वतःच्या जुन्या लाइनींचं काय केलं? बरी अन् अल्ट्रिंकम या गावांकडच्या दोन जुन्या लोकल लाइनी त्यांनी 1992 मध्ये लाइट रेलमध्ये बदलल्या आणि मधे शहराच्या रस्त्यावरून रूळ टाकून त्या एकमेकींना जोडल्या. व्हिक्टोरिया स्टेशन 1844 सालचं, त्याच स्टेशनाच्या आतून आज ट्राम जाते. दुसरं एक मोठं स्टेशन, मँचेस्टर सेंट्रल, ते 1969 मध्ये बंद झालं होतं, तिथं पुढं प्रदर्शनाचा हॉल झाला, अन् त्याच्या बाजूनं परत रूळ आले.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण ओल्डहॅमचं वाटते. ओल्डहॅम म्हणजे सूतगिरण्यांचं गाव, एका काळी जगात सगळ्यात जास्त चात्या तिथं फिरत होत्या. तिथली जुनी रेल्वे लाइन 2009 मध्ये बंद केली, तिच्यावर 2012 मध्ये ट्राम सुरू केली, जुन्याच मार्गानं. आणि दोन वर्षं होत नाही तोच, 2014 च्या जानेवारीत, त्यांनी तो मार्ग वळवला. जुनी लाइन बाजारपेठेच्या कडेकडेनं जात होती, त्यांनी तो तुकडा सोडून दिला आणि ट्राम भर बाजारातून नेली. त्याच वर्षी मार्चमध्ये शेजारच्या रॉचडेलमध्येही स्टेशनवर थांबणारी ट्राम पुढं गावाच्या मधोमध नेली. त्यांना आपल्या जुन्या लाइनीत दोष दिसला तो हा की ती गावापासून जरा लांब होती, आणि त्यांनी पैसे घालून ती जवळ आणली. आपली जुनी लाइन आधीच जवळ आहे. आपल्याला फक्त ती लांब जाऊ द्यायची नाही.

जर्मनीतल्या कार्ल्सरूहनं तं 1992 मध्येच शहराची ट्राम मोठ्या रेल्वेच्या रुळावर चढवून ब्रेटेनसारख्या छोट्या गावापर्यंत नेली, कारण मुख्य स्टेशन बाजारापासून लांब अन् लोकांना उतरून परत दुसरी गाडी पकडावी लागायची. माणूस गाडी बदलायला कंटाळते, हे जर्मनीत खरं आहे आणि आमच्या लाइनीवरच्या पथ्रोटलाही खरं आहे.

इथं कोणी म्हणेल बाहेरच्या देशाचं सोडा, आपल्याकडचं सांगा. आपल्याकडचं अमरावती आहे ना. जुनं स्टेशन शहराच्या पोटात, चालत जाता येते. बडनेरा-नरखेड लाइन झाली तेव्हा ती शहराच्या बाहेरून गेली अन् तिच्यावर नवी अमरावती नावाचं स्टेशन झालं. इमारत चांगली आहे, प्लॅटफॉर्म लांबच लांब आहे. पण रात्री तिथं उतरणाऱ्या बाईला घरी पोचायला आटो शोधावा लागते, आणि आटोवाला जे म्हणेल ते द्यावं लागते. नागपूरच्या आजूबाजूला वर्धा, नरखेड, रामटेक, भंडारा रोडपर्यंत ब्रॉडगेज मेट्रो चालवायची कल्पना 2018 पासून चर्चेत आहे, म्हणजे छोट्या गावांना जोडणारी, पुन्हा पुन्हा येणारी गाडी पाहिजे हे वर बसलेल्यांनाही पटलेलं आहे. मग तो विचार नागपूरच्या भोवतीच काहून फिरते, पश्चिम विदर्भात काहून येत नाही?

गाडीला माणसं मिळतील का, हा पुढचा प्रश्न. शकुंतला शेवटी शेवटी तोट्यात होती हे खरं आहे. पण ती कशी चालत होती ते आठवा. ताशी 20 किलोमीटर, म्हणजे अचलपूरहून मूर्तिजापूरला जायला चार तास. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीवरचाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढं जायची, तो फाटक उघडून पळत येऊन परत चढायचा. अशा गाडीत सुद्धा माणसं बसत होती, भाजीच्या टोपल्या चढत होत्या, शाळेची पोरं चढत होती, कारण तिकीट स्वस्त होतं आणि गाडी घराजवळ थांबत होती. लाखपुरी, कापूसतळणी, चमक, असल्या गावांना दुसरं होतं काय?

आणि प्रवास करायला लोकं नाहीत असं जे म्हणतात त्यांनी एसटीकडं पाहावं. मार्च 2023 मध्ये बायांना अर्धं तिकीट झालं आणि गावोगावच्या गाड्या भरून वाहू लागल्या. बाया काही त्या दिवशी नवीन पैदा झाल्या नाहीत, त्यांना आधीही माहेरी जायचं होतं, दवाखान्यात जायचं होतं, बाजारात जायचं होतं, परवडत नव्हतं म्हणून त्या घरी राहत होत्या. खेड्यातली मागणी ही अशी असते, ती दिसत नाही कारण ती दाबलेली असते, सर्व्हेवाला रस्त्यावर उभा राहून गाड्या मोजते त्यात ती बाई येतच नाही.

दुसरी गोष्ट, 2021 च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप लागला तो थेट 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या, त्यावर मी बोलत नाही. पण त्या पाच-सहा महिन्यांत आमच्या खेड्यातल्या पोरींचं काय झालं ते मी पाहिलं आहे. शाळा-कॉलेज कुठं नुकते उघडले होते, अन् जायला गाडी नाही. काळीपिवळीत कोंबून जायचं, तेही सकाळची मिळाली तं संध्याकाळची नाही. पोरं कोणाच्याही मोटारसायकलवर बसून गेली, पोरींना घरच्यांनी थांबवून घेतलं. माझ्या शेजारच्या घरातली एक पोरगी बारावीला होती, सायन्सला, तिचं प्रॅक्टिकल बुडालं, परीक्षा कशीबशी दिली, मार्क कमी पडले, पुढच्या वर्षी लग्न लावून दिलं. तिच्या गावातून रूळ जातात, तेव्हाही जात होते, त्यावर गवत वाढलेलं होतं. एकाच साधनावर सगळा तालुका टांगून ठेवला की असं होते.

त्या उलट समृद्धी महामार्ग पाहा, 701 किलोमीटर, कारंज्याजवळून जाते. चांगला रस्ता आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण कारंज्याहून दारव्ह्याला बाळंतिणीला घेऊन जाणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. ज्याच्याकडं चारचाकी आहे त्याला नागपूर जवळ आलं, ज्याच्याकडं नाही त्याला तालुका सुद्धा लांबच राहिला. पैसा नाही हे कारण मला म्हणूनच पटत नाही, पैसा कोणासाठी काढायचा हे ठरवायचं असते.

आता विरोधातल्या गोष्टी, त्या लपवून काही फायदा नाही. स्टेशनच्या जागेवर अन् लाइनच्या बाजूनं अतिक्रमण झालं आहे, टपऱ्या आहेत, काही ठिकाणी घरं आहेत. ते हटवायचं म्हटलं की रडारड होणार, आणि त्यात गरीब माणूसच असते, त्याला दुसरी जागा दिल्याशिवाय हटवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तरी पण हिशोब करा, लाइनची पट्टी अजून बहुतेक सलग आहे, तेवढी जमीन आज नव्यानं घ्यायची म्हटलं तं किती शेतकऱ्यांचे सातबारे फाटतील, किती वर्षं कोर्टात जातील. टपऱ्यांचं पुनर्वसन त्याच्यापुढं लहान काम आहे.

मालकीचा गुंता आहे. 1951 मध्ये बाकी रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही लाइन कंपनीकडंच राहिली, सरकार तिच्यावर गाडी चालवत होतं अन् कंपनीला पैसे देत होतं. हा गुंता सोडवायचं काम दिल्लीचं आहे आणि ते त्यांनी केलं पाहिजे, पण तो सुटेपर्यंत आखणी ठरवू नका असं कुठं लिहिलं आहे?

मग काही लोकं म्हणतात नॅरोगेजच ठेवा, हेरिटेज करा, चिखलदऱ्याचे टुरिस्ट आणा, काचेचे डबे लावा. भावना मी समजतो, माझाही जीव त्या डब्यात अडकला आहे. पण नुसत्या टुरिस्टवर ती गाडी वर्षातले किती दिवस चालेल? पावसाळ्यात चिखलदऱ्याला गर्दी होते ती आपापल्या कारनं येते. जुनं स्टेशन जिवंत ठेवायचं असेल तं तिथं रोज सकाळी पास काढणारं पोरगं उभं राहिलं पाहिजे, हेरिटेजचा बोर्ड लावून अन् रंग देऊन स्टेशन जिवंत होत नाही. गाडी रोजची असली की तिला एखादा जुना डबा जोडून टुरिस्टही नेता येतील, उलटं होत नाही.

मालगाडीचं काय, हाही रास्त प्रश्न आहे. कापसाच्या गाठी, तूर, हरभरा, अचलपूरकडची संत्री, हे सगळं रेल्वेनं गेलं पाहिजे, आणि त्याला हलकी गाडी पुरणार नाही. त्यासाठी पुढंमागं ब्रॉडगेजचा मालमार्ग गावाबाहेरून न्यायचा असेल तं न्या, मालाला स्टेशन गावात असण्याची गरज नाही, ट्रक तिथपर्यंत जाऊ शकते. माणसाला गरज आहे. दोघांना एकाच लाइनीत बसवायचा हट्ट धरतो म्हणून दोघांचंही अडते.

यवतमाळचं तं लगेच बोलायला पाहिजे कारण तिथं काम चालू आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही 284 किलोमीटरची ब्रॉडगेज लाइन 2008-09 मध्ये मंजूर झाली, तिचा वर्धा ते कळंब तुकडा 28 फेब्रुवारी 2024 ला पंतप्रधानांनी यवतमाळच्या कार्यक्रमातून सुरू केला. ही लाइन यवतमाळला येईल तेव्हा शकुंतलेच्या जुन्या स्टेशनाचं काय, याचं उत्तर आत्ताच मागा. नवीन स्टेशनापासून जुन्या स्टेशनापर्यंत हलक्या गाडीचा एक छोटा फाटा काढता येते, तो पुढं दारव्हा-कारंज्याच्या जुन्या पट्टीला जोडता येते. म्हणजे नांदेडकडून उतरलेला माणूस त्याच गाडीनं बाजारात उतरेल, अन् कारंज्याचा माणूस त्याच गाडीनं येऊन वर्ध्याची गाडी पकडेल. दोन्ही लाइनी एकमेकींकडं पाठ करून बांधल्या तं पुढचे पन्नास वर्षं आटोवाल्याचं भलं होईल, बाकी कोणाचं नाही.

हेच मूर्तिजापूरला. हावडा-मुंबई मेन लाइन तिथून जाते, म्हणून सगळ्या शकुंतलेचा जीव त्या एका जंक्शनात आहे. हलकी गाडी मेन लाइनच्या प्लॅटफॉर्मला लागून आली पाहिजे आणि तिचं टाइमटेबल मुंबई-नागपूरच्या गाड्या पाहून बसवलं पाहिजे, रात्री साडेदहाला उतरलेल्या माणसाला दर्यापूरची शेवटची गाडी उभी मिळाली पाहिजे. या मूर्तिजापुराजवळ दापुरीला गाडगेबाबा लहानाचे मोठे झाले, त्यांचं जन्मगाव शेंडगाव तिकडं अंजनगाव तालुक्यात, याच लाइनीच्या टापूत. बाबांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या त्या प्रवासात असलेल्या गरीब माणसासाठी, ज्याला रात्री कुठं टेकायला जागा नाही त्याच्यासाठी. त्याच माणसाचा विचार करून टाइमटेबल करा एवढंच मागणं आहे.

आणि आत्ता काय करायचं तं दोन कामं. एक, कोणताही सर्व्हे आला तं त्यात जुन्या स्टेशनातून जाणारी आखणी अन् बाहेरून जाणारी आखणी अशा दोन्ही मांडायला लावा, दोन्हींचा खर्च आणि प्रत्येक स्टेशनापासून पायी पोचू शकणाऱ्या लोकांचा आकडा शेजारी शेजारी छापायला लावा, खासदार-आमदारांना निवेदन देताना नुसतं ब्रॉडगेज झालंच पाहिजे एवढं लिहू नका. दुसरं, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अचलपूर, मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा अन् यवतमाळ इथल्या नगरपरिषदांनी आपापल्या विकास आराखड्यात स्टेशनची जागा अन् लाइनची पट्टी रेल्वेसाठीच राखीव राहील असा ठराव घ्यावा. याला दिल्लीची परवानगी लागत नाही, कंपनीचा गुंता सुटायची वाट पाहावी लागत नाही, पुढच्या सभेतही विषय घेता येते. तिथं एकदा कॉम्प्लेक्स उभं झालं, गाळे विकले गेले, की मग कोणताही मंत्री आला तरी गाडी गावात आणायला जागाच उरणार नाही.